लोकरीचे पाच धागे

नोव्हेंबरातलं धुकं खाडीवरून एकदा गावात शिरलं की मुक्कामालाच येतं. त्या दुपारी तर ते इतकं दाट होतं की थॉरकिल्डला आपल्याच गाडीचं नाक दिसेना. काच खाली करून तो कानांच्या भरवशावर गाडी हाकत होता. शिडांच्या काठ्यांवर दोरांची टकटक ऐकू आली, म्हणजे बंदर. घंटेचा एक टोला पडला, म्हणजे चर्च. त्यानंतर काहीच ऐकू येईना, तेव्हा त्यानं ओळखलं की अस्ताचं घर आलं.

अस्ताचा नवरा विगो होता तेव्हा या घरातून नेहमी काही ना काही ऐकू यायचं. कधी समुद्रपक्षी, कधी आगगाडी, कधी नुसता पाऊस, तोही बाहेर लख्ख ऊन असताना. गावाच्या रेडिओ कारखान्यात विगोनं एकतीस वर्षं दुरुस्तीचा विभाग सांभाळला आणि तिथली सगळी माणसं त्याला उस्ताद म्हणायची. कुठल्या स्पीकरच्या कागदाला केसाएवढी चीर गेलीय हे तो शेजारच्या खोलीतून सांगायचा. थॉरकिल्ड एकोणिसाव्या वर्षी त्याच्या हाताखाली आला, तो आता छपन्न वर्षांचा झाला होता. कारखाना कधीच आटोपला होता आणि मार्चमध्ये विगोही गेला.

"आलास? बूट काढ, मघाशीच पुसलंय," अस्ता दारातून म्हणाली. ती शहात्तर वर्षांची, बुटकी, ताठ मानेची बाई होती. शब्द तोलूनमापून वापरायची तिची सवय साऱ्या गल्लीला ठाऊक होती.

"काय होतंय उस्तादाच्या अ‍ॅम्प्लिफायरला?"

"दोन दुखणी आहेत. एक म्हणजे अर्धा तास चालतो आणि टक्‌ करून बंद पडतो. त्याचं मला काही नाही, मीही हल्ली अर्ध्या तासात पेंगते. दुसरं दुखणं वाईट आहे. आवाज कलतो."

"कलतो म्हणजे?"

"डावीकडे, दाराकडे जातो सगळा. पडद्यावर माणसं मधोमध उभी असतात आणि बोलतात मात्र दाराशी जाऊन. जशी काही निघालीच आहेत."

बैठकीच्या खोलीत सगळं होतं तसंच होतं. पडद्याच्या डाव्या-उजव्या हाताला आणि मधोमध असे तीन स्पीकर, मागच्या कोपऱ्यांत दोन, पाचही विगोनं आपल्या हातानं बांधलेले. त्या पाचांना आवाज पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर ओकच्या लाकडी पेटीत बसवलेला. पडद्यासमोर बरोब्बर मध्ये विगोची चामड्याची मोठी खुर्ची. उजवीकडे, खिडकीच्या अगदी कडेला, अस्ताची ठेंगणी खुर्ची आणि तिच्या पायाशी लोकरीची टोपली. त्या मोठ्या खुर्चीला कारखान्यातले लोक सिंहासन म्हणायचे. शनिवारी राजा सिंहासनावर आणि राणी खिडकीत, अशी त्यांची चेष्टा चालायची, आणि अस्ता हसायची नाही.

"मार्चपासून मी तिथं बसते," सिंहासनाकडे हनुवटी उडवून ती म्हणाली. "बावीस वर्षं तो त्या खुर्चीत बसून काय ऐकत होता, ते मला एकदा ऐकायचंय. एकदाच. एक तारखेला मी चर्चमागच्या म्हाताऱ्यांच्या घरांत राहायला जाणार. तिथली खोली या टेबलाएवढी आहे. खुर्ची नेता येईल रे, पण ही खोली काही उचलून नेता येणार नाही."

"नऊ दिवस राहिले."

"म्हणून तर बोलावलं. नाहीतर तुझ्या मोज्यांचा वास घ्यायला बोलावलं असतं का?"

थॉरकिल्ड हसला. दुसऱ्या कुणाच्या घरचा अ‍ॅम्प्लिफायर असता तर त्यानं शीळ घालत उघडला असता. हा उस्तादाचा होता.

पेटीवर मेणबत्त्यांचं वर्तुळ ठेवलेलं होतं. नाताळाच्या आधीच्या चार रविवारी एकेक वाढवत लावायच्या चार मेणबत्त्या, त्याही कालपरवा लावून पाहिलेल्या. त्यांच्याखाली विणलेला रुमाल. थॉरकिल्डनं ते सगळं अलगद उचललं. खालच्या जाळीची छिद्रं मेणानं बुजून गेली होती.

"अस्ता, यानं श्वास कुठून घ्यायचा?"

"विगो होता तेव्हापासून तिथंच ठेवते मी."

"आणि उस्ताद काय म्हणायचा?"

"मी स्वयंपाकघरात गेले की उचलून ठेवायचा. मी आले की परत आणून ठेवायचा. त्याला वाटायचं मला कळत नाही." तिनं रुमाल घडी करून छातीशी धरला. "कॉफी टाकते," म्हणाली आणि आत गेली.

थॉरकिल्डनं भिंतीतून प्लग काढला आणि टेबलावर, आपल्या डोळ्यांसमोर ठेवला. ही विगोची शिकवण. प्लग नजरेआड झाला की कुणीतरी भला माणूस तो परत लावतोच. त्यानं लग्नाची अंगठी काढून खिशात टाकली, पेटीचे सहा स्क्रू बशीत काढले आणि झाकण उचललं. आत आठ महिन्यांची नाही, नऊ वर्षांची धूळ होती. करडी, मऊ, खाली पसरलेल्या खाडीच्या धुक्यासारखी. तिच्यातून मोठाले कपॅसिटर बुरुजांसारखे वर आले होते.

प्लग काढला म्हणून वीज गेली असं समजणारी माणसं विगोच्या विभागात आठवडाभरही टिकत नसत. कपॅसिटर वीज पोटात धरून बसतो आणि बेसावध हाताला ती देतो. म्हणून नियम असा, की आधी डावा हात खिशात. एकच हात आत गेला तर झटका छातीतून आरपार जात नाही. मग मापक लावून बघायचं, चिमट्याला जोडलेल्या रोधकातून प्रत्येक कपॅसिटर सावकाश रिकामा करायचा, आणि पुन्हा मापायचं. ब्रश त्यानंतर. धूळ झाडण्याच्या घाईत विगोच्या एका जोडीदाराचा हात कोपरापर्यंत भाजला होता, म्हणून रिकामं करणं आधी आणि धूळ नंतर, यात कधी बदल नाही. "एकही सोडायचा नाही, पोरा. लहान तर मुळीच नाही." हे वाक्य थॉरकिल्डनं इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा उजवा हात आता त्याला न विचारताच चालायचा.

डावा हात खिशात घालून तो एकेकाला रिकामं करत गेला. मापकावरचे आकडे उतरताना बघणं त्याला आवडायचं. एकोणपन्नास, तीस, बारा, चार. खिडकीबाहेर धुकं काचेला टेकलं होतं, स्वयंपाकघरात कॉफी थेंबथेंब गळत होती आणि थॉरकिल्डला वाटलं, उस्ताद मागं उभा राहून त्याचा हात बघतोय. मान वळवायची त्याला गरज वाटली नाही. मोठे चार झाले, मधले सहा झाले. मागच्या कोपऱ्यात धुळीत बुडालेला एक निळा, बोटाच्या पेराएवढा होता. तोही झाला.

मग त्यानं ब्रश घेतला. धूळ निघाली, मेणाचे पापुद्रे निघाले, अडकलेला पंखा सुटला. निळ्या कपॅसिटरच्या पोटावर कागदी पट्टी चिकटवलेली दिसली. तिच्यावर विगोच्या बारीक उतरत्या अक्षरात दोनच शब्द होते. हा सोडून.

थॉरकिल्डनं ब्रश खाली ठेवला.

हा निळा काय करत होता, ते त्याला लगेच उमगलं. कुठला स्पीकर कानापासून किती लांब, ते विगोनं मोजून या पेटीला सांगून ठेवलेलं होतं. जवळच्या स्पीकरला पेटी किंचित थांबवायची, लांबच्याला आधी सोडायची, म्हणजे पाचही आवाज कानाशी एकाच क्षणी पोचायचे. प्लग निघाला तरी ते आकडे विसरू नयेत एवढ्यासाठी हा निळा थोडीशी वीज जपून बसलेला असायचा. उस्तादाच्या मागं उरलेला त्याचा कान तेवढाच होता, आणि थॉरकिल्डनं तो उस्तादाच्याच नियमानं पुसून टाकला होता.

"झालं का?" आतून हाक आली.

"होतंय."

त्याचे हात पुढचं काम करत राहिले. एका ठिकाणी तारेच्या सांध्याचा डाग उकललेला होता, तो त्यानं पुन्हा दिला. झाकण लावलं. पहिल्यांदा चालू करताना त्यानं विजेच्या वाटेत साधा बल्ब जोडला. आत काही बिघडलेलं असेल तर बल्ब भडकून पेटून राहतो. हा उजळला आणि हळूहळू डोळा मिटावा तसा मंद झाला. पेटी धडधाकट होती. फक्त तिच्या छोट्या काचेवर, जिथं पाच आकडे असायला हवे होते, तिथं पाच शून्यं होती.

अस्तानं कॉफी आणि दालचिनीचे पाव टेबलावर ठेवले आणि ती सिंहासनात जाऊन बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. दोघांचा आवडता जुना चित्रपट तिनं काढूनच ठेवला होता. एका बेटावरच्या टपालवाल्याचा. पडदा उजळला, होडी धक्क्याला लागली, टपालवाला खडीवर उतरला आणि म्हणाला, "कुणी आहे का?" आवाज थेट त्याच्या ओठांवरून आला. मधोमध, सरळ.

अस्ताचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला.

"सरळ झाला," ती म्हणाली. "थॉरकिल्ड, सरळ झाला रे! विगो हे ऐकायचा?" आणि तोलूनमापून बोलणारी ती बाई तोंडावर हात दाबून रडायला लागली.

थॉरकिल्डनं पावाचा तुकडा तोडला आणि तसाच परत ठेवला. खोली मधोमध खुर्चीतून ऐकली, पाचही आकडे शून्य असले, तर आवाज सरळच येणार. कुठल्याही दुकानातल्या कुठल्याही पेटीतून येईल तसा. विगोचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. गप्प बसलं तर नऊ दिवसांनी ही खोली रिकामी होणार होती आणि कुणाला काही कळणार नव्हतं. म्हातारी सुखी होती, त्याचीही लाज झाकली जात होती. त्यानं कॉफीचा एक घोट घेतला, दुसरा घेतला. मग त्याला कळलं की आपण चित्रपट ऐकतच नाही, आपण उस्तादाचा खोकला कधी येतो त्याची वाट बघतोय. विभागात कुणी चुकलेलं काम लपवलं की विगो नुसता खोकायचा.

"अस्ता, हा बंद करतो थोडा वेळ."

"का? आत्ता कुठं..."

"ते विगोचं नाही." त्यानं आवाज बंद केला. "ते कुणाचंच नाही. माझ्या हातून त्याचे आकडे पुसले गेले. त्यानं वर लिहून ठेवलं होतं, मी धुळीत वाचलं नाही."



"म्हणजे मी आत्ता रडले ते फुकटच?" अस्तानं डोळे पुसले. तिचा आवाज बारीक आणि धारदार झाला. "तीस वर्षं त्याच्या हाताखाली काढलीस आणि त्याचं एवढंसं उरलेलं तुला जपता आलं नाही? सांगितलंस तरी कशाला मग? तेवढं तरी राहू द्यायचंस!"

"राहू देता आलं नाही," थॉरकिल्ड म्हणाला. त्याला मान वर करता येईना.

अस्तानं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघायला काहीच नव्हतं. मग ती खुर्चीतून घसरत खाली उतरली.

"ऊठ. विगोनं कधी एक आकडा डोक्यात ठेवलाय का? माझा वाढदिवससुद्धा कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवला होता त्यानं. कुठंतरी लिहिलं असणार. शोध."

त्यांनी कपाटं उघडली, पेटी मागून पाहिली, पडदा उचलून पाहिला. शेवटी थॉरकिल्डनं डावा स्पीकर कवेत घेऊन बाजूला केला. खाली, जमिनीच्या लाकडी फळीवर, पेन्सिलनं लिहिलं होतं: ४१८. मधल्याखाली ३२२. उजव्याखाली २८०. मागच्या दोघांखाली ३८६ आणि १४६. प्रत्येक आकड्याच्या बाजूला विगोची ती तिरकी फुली.

थॉरकिल्ड गुडघ्यांवर बसून राहिला. सिंहासन बरोब्बर मध्ये, मग डाव्या आणि उजव्या स्पीकरपासून अंतर सारखंच यायला हवं. चारशे अठरा आणि दोनशे ऐंशी सेंटीमीटर? उस्तादानं असं मोजलं असतं तर त्यानं स्वतःलाच विभागातून हाकलून दिलं असतं.

"चुकला असेल का तो?" अस्तानं विचारलं.

"तो? नाही." त्यानं खिशातून लाकडी घडीची मोजपट्टी काढली. "अस्ता, लोकर आहे का? थोडी लांब लागेल."

तिनं टोपलीतून लाल गुंडा काढला. थॉरकिल्डनं स्पीकर परत आपापल्या फुलीवर ठेवले, आकड्यांप्रमाणे पाच धागे कापले, एकेकाचं टोक एकेका स्पीकरला चिकटवलं आणि मोकळी टोकं अस्ताच्या हातात दिली. "सगळी ताणून जिथं एकत्र येतील, तिथं उभ्या राहा."

ती आधी सिंहासनाकडे गेली. डावीकडचा धागा सैल लोंबत राहिला, उजवीकडचा पोचेनाच. ती खिडकीकडे एक पाऊल सरकली. मग आणखी एक. धागे हळूहळू जमिनीवरून उठले, धुक्यातल्या त्या पांढुरक्या उजेडात लाल झाले, आणि एकाच वेळी ताठ झाले. पाचही टोकं तिच्या मुठीत आली तेव्हा मूठ तिच्या ठेंगण्या खुर्चीच्या वर होती, बसल्यावर विणकामावर मान वाकवलेल्या बुटक्या बाईचे कान जिथं येतील तिथं.

अस्ता तशीच मूठ धरून उभी राहिली.

"त्यानं मला एकदा म्हटलं होतं, मध्ये येऊन बस," ती अगदी हळू म्हणाली. "मी म्हटलं, तिथं उजेड नाही, टाके दिसत नाहीत, मला काय कळतंय तुझ्या आवाजातलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो अख्खा दिवस मोजपट्टी घेऊन रांगत होता इथं. मी त्याच्यावर करवादले, म्हटलं, स्वतःच्या कानांचे लाड पुरवायला जेवण गार केलंस."

थॉरकिल्डनं पेटीवर पाच आकडे भरले. धागे सोडवले. अस्ता आपल्या खुर्चीत बसली. त्यानं चित्रपट पुन्हा सुरुवातीपासून लावला. होडी धक्क्याला लागली. टपालवाला खडीवर उतरला.

तिनं मान वाकवली, सवयीनं, मांडीवर विणकाम नसताना. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हे तर नेहमीसारखंच आहे. मला वाटायचं, आवाज असाच असतो."

"सगळ्यांचा नसतो."

"आणि तो? तिथं बसून तो काय ऐकत होता मग?"

थॉरकिल्डनं सिंहासनाकडे पाहिलं. गावातला सगळ्यांत चांगला कान बावीस वर्षं तिथं बसला होता. "कललेलं," तो म्हणाला. "दाराकडे गेलेलं. तुम्ही मार्चपासून रोज जे ऐकत होता, तेच. अगदी तेच. तुम्हाला जे ऐकायचं होतं, ते तुम्ही केव्हाच ऐकलंय, अस्ता."

"मूर्ख माणूस," अस्ता म्हणाली. "सांगायचं तरी." तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही ती आवरत नव्हती. "बावीस वर्षं मी त्याच्यावर डूख धरून होते रे. त्या खुर्चीवरून."

थॉरकिल्डनं खिशातली अंगठी काढून बोटात घातली. "हवं तर त्याच्या खुर्चीसाठीही नवीन मोजून देतो. दोन्ही आकडे पेटीत ठेवता येतील. तिथूनही सरळ ऐकू येईल."

"हात लावशील तर बघ."

ती उठली, खोली ओलांडून गेली आणि सिंहासनात चढून बसली. पडद्यावर टपालवाला मधोमध उभा होता आणि त्याचा आवाज दाराशी उभा राहून कुणाला तरी बोलावत होता. अस्तानं पडद्याकडे पाहिलंच नाही. तिनं मान उजवीकडे वळवली, जशी विगो वळवत असला पाहिजे, आणि खिडकीतल्या उजेडात ती ठेंगणी खुर्ची नीट, पुरी दिसत होती.

त्या किनाऱ्यावरची माणसं कौतुकात हात आखडता घेतात. त्यांच्या तोंडून त्या बाबतीत जास्तीत जास्त जे निघतं, तेच विगो दर शनिवारी चित्रपट संपल्यावर म्हणायचा. ते त्याच्या स्पीकरांविषयी आहे, असंच अस्ता समजत आली होती.

"वाईट नाही," ती म्हणाली.